पद्मिनीचे स्पेअर: घरात काय ठेवायचं, काय नाही

चोपड्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. आजोबांनी घेतलेली 1978 ची प्रीमियर पद्मिनी आता त्याच्याकडे आली आहे. पेट्रोल इंजिन, बॅटरी चार्ज करायला जुन्या पद्धतीचा डायनमो, गेअर स्टिअरिंगला. इंजिनचं काम नुकतंच झालंय, बोअर करून नवे पिस्टन टाकलेत. गाडी दारात शोभेला ठेवायची नाही. उन्हाळ्यात लग्नाला जळगावला आणि पावसाळ्यात तोरणमाळला न्यायची आहे. त्यासाठी कोणते स्पेअर घरात ठेवू, असं तो विचारतो. एक जण त्याला अख्खं इंजिन घेऊन ठेव म्हणतो, दुसरा भंगारातली एक गाडीच आणून शेतात उभी कर म्हणतो. पैसे मोजके आहेत, आणि घरचे आधीच कुरकुरताहेत, "एवढ्यात जुनी अल्टो आली असती भो."

भाऊ, अख्खं इंजिन घेऊ नका. तुमचं इंजिन आत्ताच उघडून बंद केलंय, ते नीट वापरलं तर बराच काळ पुन्हा उघडायची वेळ येणार नाही. भंगार गाडीचं काय करायचं ते पुढे सांगतो. आधी एक गोष्ट ठरवा: आपल्या भागात काय बनतं आणि काय बनत नाही. स्पेअरची यादी त्यावरून करायची. मुंबईच्या माणसाची यादी तुमच्या कामाची नाही आणि तुमची त्याच्या कामाची नाही.

खान्देशात लोखंडाचं काम जाणणारी माणसं भरपूर आहेत. केळी आणि कपाशीच्या पट्ट्यात गावोगावी ट्रॅक्टर आहे, त्यामुळे आठवडी बाजाराच्या प्रत्येक गावात सेल्फ-डायनमो उघडणारा ऑटो इलेक्ट्रिशियन सापडतो. तुमच्या डायनमोचं आर्मेचर जळलं, कार्बन झिजले, बुश सैल झाला, तर ते काम चोपड्यातही होईल. कमानीचे पाटे ट्रॉलीवाल्यांमुळे कुठेही बनतात. ब्रेक शूला लायनर चिकटवणं, क्लच प्लेटला नवं फेसिंग मारणं, सायलेन्सर वळवणं, रेडिएटरला नवा तांब्याचा कोअर टाकणं, हे सगळं जळगावला किंवा धुळ्याला होतं. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले टर्नर-फिटर आहेत. त्यांच्यापैकी कुणाशी ओळख झाली तर ती कुठल्याही खोक्यापेक्षा मोलाची. पद्मिनीच्या स्टिअरिंग गेअरच्या दांड्यांमधले बुश झिजले की लिव्हर हातात लुळा पडतो, दुसरा टाकायला जावं तर रिव्हर्स सापडतो. लोक त्यासाठी अख्खी लिंकेज शोधत फिरतात. नमुना घेऊन लेथवाल्याकडे गेलात तर पितळेचे किंवा नायलॉनचे बुश तो दुपारपर्यंत काढून देतो. तेव्हा अशा गोष्टींवर पैसे अडकवू नका. साठवायचं ते दोन प्रकारचं: जे गेलं की गाडी रस्त्यात जागेवर उभी राहते, आणि जे इथे कुणालाच बनवता येत नाही.

पहिल्या प्रकाराची सुरुवात इग्निशनपासून होते. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर, प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर आणि कॅप, कॉइल, प्लग आणि प्लगच्या वायरी. जुनी गाडी रस्त्यात बंद पडली तर मी आधी इथेच बघतो. या सगळ्यांत कंडेन्सर सर्वांत बेभरवशाचा. एवढासा डबा, पण आतलं इन्सुलेशन उष्णतेने सुटतं. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता मिळवा. लक्षण ओळखून ठेवा: गाडी गरम झाली की मिस मारते, बंद पडते, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होते, आणि पॉइंट काढून बघितले तर टोकं काळी-निळी पडलेली असतात. कपॅसिटी मोजणारा मल्टिमीटर असेल तर कंडेन्सर साधारण 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास दाखवायला हवा. तरीही थंड कंडेन्सर मीटरवर पास होऊन रस्त्यावर नापास होऊ शकतो.

म्हणून एक सवय लावून घ्या. नवा पार्ट आणला की तो खोक्यात ठेवायचा नाही, गाडीला लावायचा. गाडी त्यावर काही दिवस चालवायची. आणि जो चालू असताना काढला, तो जुना पार्ट पुसून, चिठ्ठी लावून डिकीतल्या डब्यात ठेवायचा. आज बाजारात या गाडीसाठी जे इलेक्ट्रिकचं सामान मिळतं त्यातलं बरंच डुप्लिकेट असतं, पाकीट मात्र अस्सल दिसतं. रात्री एरंडोलच्या पुढे गाडी बंद पडली आणि डब्यातून नवाकोरा कंडेन्सर काढला तर तो चालेलच याचा भरवसा कुणीही देऊ शकत नाही. काल चालू असताना काढलेल्याचा देता येतो. पॉइंट, रोटर, कॅप, कॉइल, फॅन बेल्ट, गाडीतला पेट्रोल पंप या सगळ्यांना हाच नियम लावा.

कॉइल घेताना दुकानदाराला "बारा व्होल्टची द्या" एवढंच सांगून चालत नाही. तुमच्या गाडीला बाहेर रेझिस्टन्स न लावता चालणारी कॉइल लागते. तिची प्रायमरी, म्हणजे बॅटरीच्या बाजूची गुंडाळी, मीटरवर साधारण 3 ओहम येते. दीड ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टन्सबरोबर वापरायची असते; ती तशीच थेट लावली तर करंट जास्त ओढते, कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. दुकानातच मीटर लावून बघा. आणि पॉइंट आणायला जाताना जुना पॉइंट सोबत न्या, कारण या गाड्यांवर वेगवेगळ्या बनावटीचे डिस्ट्रिब्युटर बसलेले सापडतात आणि एकाचे पॉइंट दुसऱ्याला बसत नाहीत. पॉइंटचा गॅप साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर. फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, डिकीत असू द्या. तो हरवला तर प्लगच्या गॅपसाठी हॅक्सॉ ब्लेड चालतं, त्याची जाडी 0.6 मिलिमीटरच्या जवळपास असते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, 1-3-4-2, हे बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. अंधारात वायरी निघाल्या की भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून टाका असा सल्ला तुम्हाला मिळेलच. बसवा, चांगली चालते. पण ती गेली तर रस्त्यात दुरुस्त होत नाही, तेव्हा पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर डिकीतून काढू नका.

आता रबर. इथे माझं मत बऱ्याच शौकीन मंडळींना पटत नाही. ते कुठे जुना साठा मिळाला की होज पाइप, व्हील सिलिंडरचे वॉशर, मास्टर सिलिंडरची किट, बेल्ट, इंजिन माउंटिंग असं सगळं पोतंभर उचलतात. रबर पाकिटातही म्हातारं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर आपल्या उन्हाळ्यात लवकरच कडक होऊन भेगा पडतात. वीस वर्षं कपाटात पडलेली ब्रेकची किट, तीही मूळ कंपनीची, म्हणून अभिमानाने बसवायची आणि मग कन्नडच्या घाटात पेडल जमिनीला लागायचं, यात काय अर्थ आहे? रबराचा साठा करू नका. प्रत्येकाचा एकच नग ठेवा, तोही ताजा, आणि दोन-तीन वर्षांनी वापरून टाकून नवा आणा. घरातल्या थंड, अंधाऱ्या खोलीत, टाल्कम पावडर लावून, पिशवीचं तोंड बंद करून ठेवा. विजेची मोटर चालते त्या खोलीत नको, तिथल्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो रबराला खातो. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइलचा हात लावू नका, फुगून बाद होतं. धुवायचं तर ब्रेक ऑइलनेच. ब्रेक ऑइलसुद्धा छोट्या बाटलीत घ्या. ते हवेतली ओल ओढतं, म्हणून फोडलेला डबा वर्षभर पुरवायचा नसतो.

रबराबरोबरच पेट्रोलचा प्रश्न येतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तुमची गाडी बनली तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. जुन्या बनावटीचा पेट्रोल पाइप आतून मऊ पडून सुटतो, त्याचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. पेट्रोल पंपाचा डायफ्राम ताठ होतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी आणि कार्बोरेटरच्या वाटीत गंज आणि पांढरी बुरशी दिसते. म्हणून स्पेअर घेण्याआधी गाडीतले सगळे पेट्रोल पाइप बदला. दुकानात इंजेक्शनच्या गाड्यांचा फ्युएल होज मागा. पारदर्शक प्लास्टिकची नळी नको, ती उन्हाने लाकडासारखी होते. साठ्यात पंपाचा एक डायफ्राम किट, कार्बोरेटरची निडल व्हॉल्व्ह, फ्लोट आणि पॅकिंगचा एक सेट ठेवा. पितळेच्या जेट आणि फ्लोट जुन्या मिळाल्या तर जरूर घ्या, त्यांना वय नसतं. कार्बोरेटर स्पेअर ठेवायचा असेल तर तो पूर्ण कोरडा करून ठेवा.

उन्हाळ्यात पेट्रोल पाइपमध्येच उकळतं आणि गाडी चढावर दम सोडते, तेव्हा लोक पंप बदलायला धावतात. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. सुरू झाली तर पंपाला काही झालेलं नाही. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून जातो का ते घरी जाऊन बघा.

अख्ख्या इंजिनाऐवजी एकच मोठी वस्तू घ्यायची असेल तर सिलिंडर हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, घ्या. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गाडी एकदा सणकून तापली की हेड वाकतं. थोडं वाकलेलं घासून सपाट करता येतं, जळगावला होतं ते काम. पण प्रत्येक वेळी घासून ते पातळ होत जातं. दुसरं दुखणं आपल्या बोअरवेलच्या पाण्याचं. जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांत खडा धरतो आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या वाटांजवळ खाल्लं जातं. असं खाल्लेलं हेड वेल्डिंगने भरणारे आहेत, पण ते काम टिकेलच असं नाही. तेव्हा भेग न गेलेलं, पाण्याच्या वाटा शाबूत असलेलं हेड दिसलं तर सोडू नका. सरळ पट्टी लावून बघा, प्रेशर टेस्ट करून घ्या, तेलाचा हात फिरवून लाकडी पाटावर ठेवा. हेड गॅस्केट एक जास्तीचं असू द्या, पण ते खिळ्याला टांगू नका. दोन प्लायवुडमध्ये दाबून सपाट ठेवायचं. मुडपलं की बाद. आणि रेडिएटरमध्ये आजपासून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. वॉटर पंपाचा किट घरात हवाच, पण पाणी सुधारलं तर तो लवकर लागणार नाही.

पिस्टन-रिंगचं थोडक्यात सांगतो. या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 75, म्हणजे चार सिलिंडरांचे मिळून 1089 सीसी. तुमचा बोअर आता मोठा झालेला आहे. किती, ते ज्याने काम केलं त्याच्याकडून आजच लिहून घ्या, आणि क्रँक घासला असेल तर बेअरिंगचा साइजही. मग त्याच साइजचा रिंगचा एक सेट आणि बेअरिंगचा एक सेट घेऊन ठेवा. स्वस्तात मिळतात म्हणून स्टँडर्ड साइजचे पिस्टन घेणारे बरेच भेटतात. त्यांच्या गाडीला ते कधीच बसणार नसतात.

चाकांच्या, डायनमोच्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो वहीत उतरवा. त्या नंबराचं बेअरिंग मिळालं तर ते पद्मिनीचं म्हणून महाग घ्यायची गरज नाही, बेअरिंगच्या दुकानात सरळ नंबर सांगा. ऑइल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ही वही म्हणजे निम्मा साठा आहे.

आता दुसरा प्रकार, जे इथे बनत नाही. इथे पहिला नंबर पुढच्या काचेचा. गाडी काचेवाचून सुरू होईल, पण चोपडा-जळगाव रस्त्यावर ऊस-केळीच्या ट्रकमागे एक खडा उडाला की संपलं. पुढची काच, तिचं बीडिंग, मागच्या लाइटच्या लाल-पिवळ्या भिंगा, दाराची हँडलं, काच वरखाली करायची मशीन, ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या: जे चांगलं दिसेल ते घ्या. चांगला तुकडा दिसला की विचार करत बसू नका, पुढच्या वेळी तो तिथे नसतो. काच आडवी ठेवायची नाही. उभी, कडांखाली जुनी गोधडी, आणि मुलं क्रिकेट खेळतात त्या भिंतीपासून लांब.

हे सामान मिळायचं ठिकाण म्हणजे अजूनही मुंबईचा कुर्ला, सीएसटी रोड. कारखानाही कुर्ल्यालाच होता. 1964 पासून तिथे फियाट 1100 डिलाइट बनायची, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. कारखान्यातून गाडी निघणं पंचवीसएक वर्षांपूर्वी बंद झालं, तरी पार्ट मिळत राहिले ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. रोज चालणारं गिऱ्हाईकच गेल्यावर दुकानदार तरी माल का भरेल? अ‍ॅम्बेसेडरवाले त्या मानाने सुखी, त्यांची गाडी 2014 पर्यंत बनत होती. तेव्हा कुर्ल्याला जायचं तर लवकर जा. रात्रीच्या गाडीने निघा, नमुने पिशवीत घ्या, सकाळी दुकानं उघडतात तेव्हा तिथे हजर राहा. "पद्मिनी का है क्या" असं विचारलं की तुम्ही शौकीन आहात हे कळतं आणि दर चढतो. नमुना पुढे करा आणि "ये चाहिये" म्हणा. इंजिनच्या पॅकिंगसारख्या काही गोष्टी इटलीतल्या जुन्या 1100 च्या विक्रेत्यांकडूनही मागवता येतात, पण टपालखर्च आणि कस्टम धरून हिशोब करा.

भंगार गाडीचं म्हणाल तर ती एकट्याने घेऊ नका. शहादा, शिरपूर, अमळनेरकडे तुमच्यासारखी गाडी असलेला दुसरा कुणी शोधा आणि दोघांत एक घ्या. उघड्यावर शेतात उभी केली तर दोन पावसाळ्यांत फ्लोअर जातो, सीटमध्ये उंदीर आणि बॉनेटखाली नाग. आणल्याबरोबर महिनाभरात सोडवून टाका: काचा, दारं, हेड, गेअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, डिस्ट्रिब्युटर, डायनमो, मीटर. सांगाडा विकताना आरसी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय चेसिस जाऊ देऊ नका. दुसऱ्याच्या नावावरची गाडी तुकडे होऊन तुमच्या शेतात पडलेली, हे उद्या पोलीस चौकीत समजावून सांगणं कठीण जातं.

तुमच्या गाडीचं आणखी एक. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. मात्र ती रोजच्या वापराला चालत नाही, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. तुमच्या गाडीला तो टप्पा जवळ आला आहे. त्या वाटेने जायचं की नेहमीचं नूतनीकरण करत राहायचं ते तुम्ही ठरवा, पण डायनमो काढून अल्टरनेटर बसवलात तरी मूळ डायनमो आणि त्याचं चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर भंगारात देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा.

साठवताना प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: कशाचा पार्ट, कुठून आणला, कधी, नवा की चालू काढलेला. उघड्या लोखंडाला ग्रीसचा पातळ हात. क्लच प्लेट मात्र कोरडी, तिला तेलाचा थेंबही नको. वायरिंगचं सामान पत्र्याच्या डब्यात, उंदरांसाठी.

डिकीत कायम एवढं असू द्या: चालू काढलेले पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि कॉइल, दोन प्लग, फॅन बेल्ट, वीतभर-दीड वीत पेट्रोल पाइप, होज क्लिप, फ्यूज, वायरचा तुकडा, टेप, एम-सील, बाइंडिंग वायर, टेस्ट लॅम्प आणि पाच लिटर पाणी. बाकी सगळं घरी. पूर्ण दुकान डिकीत भरून फिरलात तर मागचे पाटे बसतील.

पैसे मोजके आहेत म्हणता, तर क्रम असा ठेवा. या महिन्यात पेट्रोल पाइप आणि इग्निशनचं सामान. पावसाळ्याआधी ब्रेकची ताजी रबरं आणि वायपरचं बघा. दिवाळीनंतर कुर्ला, तेव्हा काच आणि भिंगा. हेड मिळेल तेव्हा. तोवर मला डिस्ट्रिब्युटरवरच्या पट्टीचा आणि रेग्युलेटरच्या डब्याचा स्वच्छ फोटो पाठवा. कोणते पॉइंट लागतील आणि डायनमोला कोणता कटआउट (रेग्युलेटरच्या डब्यातला, बॅटरीचा करंट डायनमोत उलटा जाऊ न देणारा स्विच) जुळेल ते त्यावरून सांगतो.